सिव्हिलायझेशन 6 (संगणकावरचा खेळ): राजधानीची लोकसंख्या 3 वर अडकते, त्यावर उपाय

लक्षण: पहिल्या शहरात अन्न शिल्लक दिसतं, पण लोकसंख्या 2 च्या पुढे रखडत जाते आणि 3 वर जवळजवळ थांबते.

आधी शेतं केली. एका शेताने अर्धंच हाउसिंग (शहरात किती लोक मावतात तो आकडा) वाढतं. मग धान्यकोठार बांधलं. त्याने हाउसिंग 2 वाढतं, पण त्यासाठी आधी पॉटरी हे तंत्रज्ञान शोधावं लागतं आणि पुढचा सेटलर (नवं शहर वसवणारी तुकडी) तितका लांबतो. चार डाव वाया गेले.

खरं कारण पाणी. गोड्या पाण्याकाठी हाउसिंग 5, समुद्रकाठी 3, कोरड्यावर 2. राजधानीला राजवाड्याचं 1 जास्त. म्हणजे कोरडी राजधानी 3 वर. हाउसिंगमधून लोकसंख्या वजा करून 1 उरलं की वाढ निम्मी, 0 झालं की पाव.

जमलेला क्रम असा. पहिला सेटलर हलवण्याआधी वॉरियर (योद्धा) दोन घरं (नकाशावरचे षटकोन) चालवून धुकं (न पाहिलेला भाग) उघडायचं. मग सेटलर निवडून लेन्स (नकाशावर उमटणारे रंग) पाहायची: गडद हिरवं म्हणजे गोडं पाणी, फिकं हिरवं म्हणजे समुद्रकाठ. गडद हिरव्यात 'प्लेन्स' (मैदानी) टेकडी शोधायची. तिथे शहराच्या केंद्राला 2 अन्न, 2 उत्पादन मिळतं. सपाटीवर 2 आणि 1. गवताळ टेकडीही 2 आणि 1 च देते, तिच्यामागे धावू नका. जागा एकच सपाट घर दूर असेल तर सरकून त्याच वळणात (टर्नमध्ये) शहर वसवता येतं. टेकडीवर चढायला सेटलरच्या त्या वळणातल्या दोन्ही चाली जातात, म्हणून वसवणं पुढच्या वळणात. एक वळण उशीर परवडतो. तीन नाही, तितका लागणार असेल तर पहिल्याच गडद हिरव्या घरावर वसवा.