स्पॅनिशमधलं सबजंक्टिव्ह कुठे लावायचं

जळगाव-धुळ्याकडचे जे कोणी मोबाइलवर स्पॅनिश शिकताय ते बी१ लेव्हलला, म्हणजे मधल्या पायरीला आले की अडकतात, कारण तिथे सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, नकार, भावना अशा वाक्यांत येणारं क्रियापदाचं वेगळं रूप, सुरू होतं. रूप बनवणं सोपंय. 'मी'चं रूप घ्या, शेवटचा ओ काढा आणि स्वर उलटा करा, म्हणजे आर-वाल्या क्रियापदांना ए, एर-इरवाल्यांना आ: आब्लो (बोलतो) चं आब्ले, कोमो (खातो) चं कोमा, तेंगो (माझ्याकडे आहे) चं तेंगा. सेआ, बाया, सेपा, आया, एस्ते, दे ही सहा या नियमात बसत नाहीत, ती घोकून टाका. खरा घोळ आहे तो लावायचं कधी याचा.

बऱ्याच ठिकाणी सांगतात की शंका असली की सबजंक्टिव्ह, खात्री असली की इंडिकेटिव्ह, म्हणजे क्रियापदाचं नेहमीचं रूप. हे अर्धंच चालतं भो. 'मे आलेग्रा के एस्तेस आकी', तू इथे आहेस याचा आनंद झाला, आता माणूस समोर बसून भरीत-भाकरी खातोय त्यात शंका कसली? तरी इंडिकेटिव्हचं एस्तास नाही, एस्तेसच.

म्हणून स्वतःला एवढंच विचारा: 'के'च्या (म्हणजे 'की'च्या) पुढची गोष्ट मी 'असं आहे बरं का' म्हणून सांगतोय का? सांगत असाल तर इंडिकेटिव्ह. नुसती इच्छा असेल, नाकारत असाल किंवा माहीत असलेल्या गोष्टीवर आनंद-राग काढत असाल तर सबजंक्टिव्ह. 'क्रेओ के बिएने', मला वाटतं तो येईल. 'नो क्रेओ के बेंगा', मला नाही वाटत तो येईल. मराठीत दोन्हीकडे 'येईल'च, त्यामुळे आपली मंडळी इथे हमखास घसरतात. इच्छेच्या वाक्यात मात्र मराठी सांभाळून घेते, 'तू यावं' असं मनात आलं की सरळ 'किएरो के बेंगास'. आणि मलाच जायचं असेल तर के-बिके काही नाही, 'किएरो इर', संपलं.

'कुआंदो' म्हणजे 'जेव्हा', त्याचं जरा नीट बघा. 'भुसावळला पोचलो की मावशीला फोन करतो' हे नेहमीचं, म्हणून 'कुआंदो येगो आ भुसावळ, यामो आ मी तीआ'. पण 'भुसावळला पोचलास की फोन कर' यात गाडी अजून जळगावलाच उभी आहे, पोचणं व्हायचंय, म्हणून 'कुआंदो येगेस आ भुसावळ, यामामे'. मराठीत पहिला भाग दोन्हीकडे भूतकाळासारखाच दिसतो, तेव्हा त्याच्या पुढचं क्रियापद बघायचं: 'करतो' नेहमीच्या सवयीचं असेल तर इंडिकेटिव्ह, 'कर' किंवा 'करेन' असेल, किंवा 'करतो' म्हणताना 'करेन' असंच म्हणायचं असेल तर सबजंक्टिव्ह.

वस्तू किंवा माणूस शोधतानाही तेच. जळगावात भरीत मिळणारं हॉटेल आहे हे मला माहीतय, 'आय उन रेस्तौरांते के सिर्बे भरीत'. माद्रिदला शोधायला निघालो, मिळेल का देव जाणे, तर 'बुस्को उन रेस्तौरांते के सिर्बा भरीत'.

'आउंके' म्हणजे 'जरी', ते दोन्ही घेतं. पाऊस पडतोय हे सांगत जायचं असेल तर 'आउंके युएबे', पडला तरी फरक नाही असं म्हणायचं असेल तर 'आउंके युएबा'. 'पारा के' (म्हणजे 'अमकं व्हावं म्हणून') आणि 'आंतेस दे के' (म्हणजे 'अमकं व्हायच्या आधी') आले की विचार न करता सबजंक्टिव्ह.

फक्त 'सी' म्हणजे 'जर' या हिशोबात बसत नाही. 'जर पाऊस पडला तर' यात आपण काहीच ठामपणे सांगत नसतो, तरी 'सी युएबे'च म्हणायचं, 'सी युएबा' कधीच नाही. त्याचं कारण शोधत बसू नका, पाठ करा आणि पुढे चला.