नाकातल्या पेशींना बोलतं कसं करायचं

न्यूमोकोकस हा जीवाणू न्यूमोनिया करतो, पण कितीतरी निरोगी लोकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या नाकात तो आठवडेच्या आठवडे काहीही त्रास न देता राहतो. तेव्हा तिथल्या रोगप्रतिकारक पेशी काय करतात, हे नुसतं रक्त तपासून कळत नाही. पेशी नाकातूनच घ्याव्या लागतात. आमच्या लॅबमधल्या नव्या मुलांना मी हे असं शिकवते.

प्रौढ स्वयंसेवकाची लेखी संमती झाली की आधी जीवाणूंसाठीचा नमुना घ्या. खरवडल्यावर कधीकधी थोडं रक्त येतं, म्हणून हा क्रम. मग टोकाला इवलीशी वाटी असलेली प्लास्टिकची काडी नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर, खालच्या टर्बिनेटला (आत आलेल्या हाडाच्या वळीला) टेकवा आणि दोन-तीनदा अलगद स्वतःकडे ओढा. भूल लागत नाही, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. हे आधीच सांगून ठेवा, माणूस दचकत नाही.

काडी लगेच बर्फावरच्या ट्यूबमध्ये, ईडीटीए हे रसायन घातलेल्या पीबीएसमध्ये (पेशींना मानवणाऱ्या खारट द्रावणात) बुडवा. ईडीटीएमुळे गुठळ्या कमी होतात. व्हॉर्टेक्सला (ट्यूब जोरात घुसळणाऱ्या यंत्राला) हात लावू नका, पिपेटनेच हळूहळू वरखाली करा. न्यूट्रोफिल या जीवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार नाजूक असतात. उद्यावर ढकललंत तर मेलेल्याच मोजाल. त्याच दिवशी रंगवून फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी मोजून ओळखणाऱ्या यंत्रावर) लावा. पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा अशा: एपकॅम अस्तराच्या पेशींसाठी, सीडी४५ सगळ्या रोगप्रतिकारक पेशींसाठी, त्यांतून सीडी६६बीवर न्यूट्रोफिल आणि सीडी१४वर मोनोसाइट ही दुसरी पांढरी पेशी.

आता खरी मेख. नुसता आकडा लिहू नका. प्रत्येक वेळी खरवड कमी-जास्त निघते, म्हणून अस्तराच्या पेशींशी प्रमाण काढा आणि त्याच माणसाच्या आधीच्या नमुन्याशी ताडून पाहा. न्यूट्रोफिलांची संख्या तेवढीच दिसली तरी 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारू नका. लिव्हरपूलमध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम न्यूमोकोकस सोडतात. तिथल्या संशोधकांच्या 2018च्या अभ्यासात नाकातल्या न्यूट्रोफिलांनी आधी आपल्या कणांतला साठा बाहेर टाकला, मागून मोनोसाइट आले, आणि जीवाणू हटण्याशी संबंध दिसला तो या मोनोसाइटांचा. म्हणून नाकातला द्रवही वेगळा जपा. न्यूट्रोफिलांच्या कणांतून बाहेर पडणारं मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम त्यात मोजता येतं.

याच अभ्यासात नाकात फवारायची जिवंत फ्लू लस आधी मिळालेल्यांमध्ये ही साखळी बिघडली आणि जीवाणूंची संख्या वाढली. तेव्हा अलीकडची सर्दी आणि अशी लस, दोन्ही विचारून फॉर्मवर तारखेसकट लिहा.