एन्स्क्रिप्ट, पीडीएफनप सापडत नाहीत, आता प्रिंट कसं काढायचं?

एन्स्क्रिप्ट (टेक्स्ट फाइल छपाईसाठी तयार करणारं टूल) किंवा पीडीएफनप (पीडीएफची अनेक पानं एका पानावर बसवणारं टूल) वापरणारी जुनी स्क्रिप्ट नवीन लिनक्सवर चालवली की 'कमांड नॉट फाउंड' येतं, मग आपण तेच पॅकेज शोधत बसतो. तसं करू नका. आधी बघा की ते टूल नक्की करत काय होतं, कारण अर्धं काम कप्स, म्हणजे लिनक्सची छपाई यंत्रणा, स्वतःच करतं.

एका पानावर दोन पानं हवीयत? एलपी या प्रिंट काढायच्या कमांडला डॅश ओ लावून नंबर-अप=2 द्या, झालं. दोन्ही बाजूंनी हवं तर साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज. प्रिंटर कायकाय करू शकतो ते एलपीऑप्शन्स डॅश एल (लहान एल) सांगतं.

प्रिंट नको, फाइलच हवी असेल आणि पीडीएफनप सापडत नसेल तर घाबरू नका, तो फक्त पीडीएफजॅम या पीडीएफची पानं मांडणाऱ्या टूलवरचा पातळ पापुद्रा होता. थेट पीडीएफजॅमला डॅश डॅश नप 2x1 आणि डॅश डॅश लँडस्केप द्या, काम तेच.

खरी गंमत मराठी टेक्स्ट फाइलची. एन्स्क्रिप्टला यूटीएफ-8 (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) कळतच नाही, त्यामुळे देवनागरीच्या जागी नुसता कचरा छापून येतो आणि आपण उगाच प्रिंटरला शिव्या घालतो. तिथे पॅप्स हे टूल वापरा, तो पँगो या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीवर चालतो म्हणून जोडाक्षरं नीट येतात. डॅश डॅश फाँट मध्ये नोटो सॅन्स देवनागरी 12 सांगा, आउटपुट पाइपने सरळ एलपीला.

आणि हो, ए2पीएस (एन्स्क्रिप्टसारखंच टूल) मेलं म्हणून सोडून दिलं असेल तर परत बघा, 2007 नंतर थेट 2023 मध्ये त्याची नवी आवृत्ती आलीय. मराठीसाठी मात्र पॅप्सच.