हाउसबोटीवर एक दिवस: पुण्याहून निघण्याआधी या चुका टाळा

केरळची सहल ठरली की पुण्यातल्या घराघरांत चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: हाउसबोट किती बेडरूमची घ्यायची? मुक्काम करणार असाल तर प्रश्न रास्त आहे. पण सकाळी अकराला चढून संध्याकाळी पाचच्या आत उतरायचं असेल, तर विचारायला हवं ते दुसरंच. बोट कुठून कुठे जाणार, आणि प्रत्यक्षात किती तास चालणार? एजंट हे आपणहून सांगत नाही. तो एसी, टीव्ही आणि ‘वेलकम ड्रिंक’ सांगतो.

बेडरूम मोजणं

आठ जण आहोत म्हणून चार बेडरूम, हा मुक्कामाचा हिशेब झाला. दिवसाच्या सहलीत बेडरूम लागते ती आजी-आजोबांना जेवणानंतर पाठ टेकायला आणि लहानग्यांचे कपडे बदलायला. दोन बेडरूमच्या बोटीवर दिवसापुरती मुक्कामाच्या चार जणांपेक्षा जास्त माणसं घेतात. किती, ते बोटीच्या परवान्यावर ठरलेलं असतं, तेवढं विचारून घ्या. वाचलेल्या पैशांत वरचा डेक असलेली बोट मिळवा. तो चैनीसाठी नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

दर बहुतेक वेळा अख्ख्या बोटीचा असतो, माणशी नसतो. कुणी माणशी दर सांगू लागला तर ती शेअरिंगची बोट असण्याची शक्यता जास्त. ‘प्रायव्हेट म्हणजे दुसरं कुणीही चढणार नाही ना?’ हे मेसेजवर लिहून घ्या, फोनवर नको.

‘एवढं लांब जातोय तर रात्रच राहू’ असंही कुणीतरी म्हणतंच. मुक्कामाची बोट दुपारी बाराच्या सुमारास निघते आणि साडेपाचच्या आसपास काठाला बांधून ठेवतात, कारण अंधार पडला की कोळी जाळी टाकतात. सकाळी एखादी छोटी फेरी, नाश्ता आणि नऊच्या सुमारास उतरा. म्हणजे चालत्या बोटीचे तास दिवसाच्या सहलीइतकेच, फार तर थोडे जास्त. पाण्यावरची रात्र हवी असेल तर जरूर राहा. जास्त फिरायला मिळेल म्हणून दुप्पट पैसे मोजू नका.

मार्ग न विचारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. केरळात हाउसबोटींचं मुख्य ठाणं म्हणजे अलेप्पी. तिथल्या बहुतेक बोटी पुन्नमडा भागातून निघतात आणि वेंबनाड तलावाच्या तोंडाशी जातात. वेंबनाड हा भारतातला सर्वांत लांब तलाव. २००२ पासून तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आहे. ऐकायला भारदस्त वाटतं, पण तलावाच्या मध्यावर गेलं की चारी बाजूंना नुसतं पाणी, पुढेमागे आपल्यासारख्याच बोटींची रांग आणि डिझेलचा वास. फोटो काढून अर्ध्या तासात माणसं मोबाइलमध्ये डोकं घालतात.

बघण्यासारखं आहे ते कुट्टनाड, म्हणजे अलेप्पीजवळचा सखल भातशेतीचा भाग. इथली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली होते. बांध घालून पाणी बाहेर ठेवायचं, आत साचलेलं पंपाने उपसायचं आणि तळाच्या चिखलात भात लावायचा. कालव्याचं पाणी उंचावर आणि शेत खाली, असा उलटा कारभार. बोटीच्या खालच्या डेकवरून मात्र फक्त बांध आणि त्यावरचे माड दिसतात. वर गेलात की बांधापलीकडे, बोटीच्याही खाली पसरलेली खाचरं दिसतात, आणि तेव्हा कुठे आपण काय बघतोय हे कळतं. वरच्या डेकचा आग्रह त्यासाठी.

म्हणून बुकिंग करतानाच विचारा: कैनकरी, नेडुमुडी, चंपाकुळम या बाजूला नेणार का? सगळंच पाच तासांत होणार नाही, पण ‘तलाव कमी, कालवे जास्त’ एवढं सांगितलं तरी बोटवाल्याला कळतं. उत्तर ‘सब दिखाएगा सर’ असं आलं तर समजा की मार्ग ठरलेलाच नाही.

तरीही हाउसबोट अरुंद कालव्यात शिरत नाही. जुन्या केट्टुवल्लमची, म्हणजे भात वाहून नेणाऱ्या नौकांची, ती वाढवलेली आवृत्ती आहे. फणसाच्या जातीतल्या अंजिली लाकडाच्या फळ्या खिळे न मारता काथ्याने शिवलेल्या, वरून काजूच्या टरफलाचं काळं तेल. ही लांबरुंद नाव जिथे वळू शकते तेवढंच तिचं जग. घरांच्या पायऱ्या, पाण्यात भांडी घासणाऱ्या बायका, शाळेतून होडीने परतणारी मुलं हे जवळून बघायचं असेल तर तासभर छोटी वल्हवायची होडी किंवा शिकारा वेगळा घ्या. काही हाउसबोटवाले मध्येच होडी बोलावून देतात. दर आधी ठरवा. आणि फक्त पाणीच बघायचं असेल, तर केरळच्या राज्य जलवाहतूक खात्याची अलेप्पी-कोट्टायम बोट आहे. सुमारे अडीच तासांचा प्रवास, शेजारी भाजीच्या पिशव्या घेतलेली गावची माणसं, आणि तिकीट इतकं स्वस्त की हाउसबोटीचा दर ऐकलेल्या माणसाला हसू येईल.

पोहोचायच्या दिवशीच बोट ठेवणं

पुण्याहून कोचीला थेट विमान मिळतं, त्यामुळे नकाशावर सगळं सोपं दिसतं. पण कोचीचा विमानतळ नेडुंबासेरीला आहे, तिथून अलेप्पी साधारण ८० ते ८५ किलोमीटर. शहरातली आणि हायवेची गर्दी धरली तर अडीच-तीन तास हाताशी ठेवावेत. आठचं विमान पकडून अकराची बोट गाठू म्हणणाऱ्याने लोहगावला वेळेवर पोहोचतानाच किती धाप लागते ते आठवावं. बोट थांबत नाही असं नाही, थांबते. पण परतायची वेळ तीच राहते, आणि गेलेले दोन तास तुमचेच जातात. आदल्या रात्री अलेप्पीत मुक्काम, हे उत्तम.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी वेगळा खड्डा आहे. एर्नाकुलमच्या, म्हणजे कोचीच्या स्टेशनच्या, पुढे लोहमार्गाचे दोन फाटे होतात: एक कोट्टायमवरून, दुसरा अलेप्पीवरून. पुण्याहून सुटणारी कन्याकुमारी एक्स्प्रेस कोट्टायमच्या बाजूने जाते, पूर्णा एक्स्प्रेस एर्नाकुलमलाच संपते. अलेप्पीला थेट उतरायचं तर पनवेलला जाऊन नेत्रावती एक्स्प्रेस पकडता येते. तिकीट काढताना स्टेशन ‘अलप्पुळा’ या नावाने शोधा. कोकण रेल्वेवरून जाणाऱ्या गाड्यांचं पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं, हे जूननंतर जाणाऱ्यांनी विसरू नये.

धक्क्याचाही घोळ होतो. गावातला सरकारी बोट जेट्टी वेगळा, हाउसबोटींचा पुन्नमडाचा ‘फिनिशिंग पॉइंट’ वेगळा, आणि कुमरकोम तर तलावाच्या पलीकडे, रस्त्याने तीसेक किलोमीटर. हॉटेल कुमरकोमला आणि बोट अलेप्पीला असं बुकिंग केलेली कुटुंबं दर सुट्टीत दिसतात. लोकेशन मागवा. रिक्षावाला ‘माझ्या ओळखीची बोट आहे’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात येतं.

ऋतू न बघता तारीख काढणं

डिसेंबर-जानेवारीत हवा बरी आणि शेतं हिरवीगार. मुख्य पीक साधारण फेब्रुवारीअखेरीपासून कापणीला येतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी वरच्या डेकवर बसवत नाही. नाताळचा आठवडा शक्यतो टाळा, दर चढतात आणि पुन्नमडात बोटींची अशी कोंडी होते की सिंहगड रोड सुटल्याचं समाधानही मिळत नाही.

जलपर्णी आपल्याला मुळा-मुठेत नेहमीची. तिकडे तिच्यामागे एक बंधाराही आहे. भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याची दारं साधारण डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत बंद ठेवतात. पाणी गोडं राहतं, वाहत नाही, आणि जलपर्णीचं फावतं. दारं उघडून खारं पाणी आत आलं की ती मरते. त्यामुळे ऐन हंगामात एखादा कालवा हिरव्या सतरंजीने बंद झालेला असू शकतो आणि बोटवाला मार्ग बदलतो. तो दर वेळी फसवत असतो असं नाही.

नेहरू ट्रॉफीची सर्पनौकांची शर्यत पुन्नमडातच होते. परंपरेने ऑगस्टचा दुसरा शनिवार, पण २०२४ मध्ये ती सप्टेंबरअखेरीस झाली आणि २०२५ मध्ये ३० ऑगस्टला. शर्यतीच्या दिवशी तिथे हाउसबोटींना नेहमीसारखं फिरता येत नाही, तेव्हा तारीख आधी बघा.

लाइफ जॅकेट ‘आहेत ना’ एवढ्यावर थांबणं

आहेत, सगळीकडेच असतात. कुठे असतात ते बघा. बऱ्याचदा कपाटावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली. चढल्याबरोबर एक खाली काढायला लावा, बकल लागतं का बघा, पट्टा ओढून बघा. मुलांच्या मापाची आहेत का विचारा. मोठ्यांचं जॅकेट सहा वर्षांच्या मुलाला घातलं तर पाण्यात ते वर येतं आणि मूल त्यातून खाली सरकतं. गॅसचं सिलिंडर कुठे ठेवलंय आणि आग विझवायचं नळकांडं कुठे आहे, तेही बघा.

हा काकूंचा काळजीखोरपणा नाही. ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरजवळ पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. मासेमारीची बोट बदलून केलेली, दुमजली, आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली. ती हाउसबोट नव्हती, पण धडा तोच: जास्तीची माणसं भरू नका, आणि सगळे एकाच बाजूला फोटोला धावू नका. बोटीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, त्याचा फोटो चढतानाच काढा. दारू प्यायची असेल तर उतरल्यावर. आणि पाण्यात उडी मारायचा मोह आवरा, एवढ्या बोटींचं सांडपाणी कुठे जातं याचा विचार केला की तो आपोआप आवरतो.

मासळी आणि जेवण

जेवणाआधी बोट पाण्याकाठच्या एका टपरीला लागते. बर्फावर करिमीन हा तिथला मासा आणि हातभर कोळंबी मांडलेली. ‘फ्रेश सर, फ्रेश’ असं म्हणत दोन कोळंब्या तराजूवर पडतातही, भाव अजून ठरलेला नसताना. इथे बोलायचं ते असं: किलोचा भाव काय? नगाचा नको, किलोचाच. वजन माझ्यासमोर. आणि बोटीवर करून देण्याचे वेगळे पैसे आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘हो’ असतं. नको असेल तर ‘नको’ म्हणायला काहीच हरकत नाही, बोटीच्या जेवणात तळलेला मासा बहुतेकदा असतोच.

शाकाहारी मंडळींनी आदल्या दिवशीच सांगावं. स्वयंपाकघर एकच असतं, त्यामुळे कडक पाळणाऱ्यांनी विचारपूर्वक ठरवावं. खोबरेल तेलाचा वास सगळ्याच पदार्थांना येतो, लाल जाड भात असतो, आणि पोळी हवी असेल तर आधी सांगावी लागते. उपासाच्या दिवशी जाणाऱ्यांना तिथे उकडलेला कप्पा (टॅपिओकाचा कंद) मिळेल. साबुदाणा त्याच कंदाचा, तेव्हा चालतो की नाही हे घरच्या ज्येष्ठांनी ठरवावं.

तरीही अडलंच तर

दाखवलेल्या फोटोतली बोट नाही, दुसरीच उभी आहे: चढू नका. उरलेले पैसे द्यायच्या आधीच बोट आतून पूर्ण फिरून बघायची, संडाससुद्धा. म्हणून बुकिंगच्या वेळी बोटीचं नाव विचारा आणि आगाऊ रक्कम कमीत कमी ठेवा.

एसी बंद आहे: अनेक बोटींवर तो फक्त रात्री, किंवा दिवसा जेवणाच्या वेळेपुरताच चालवतात. ठरलं नव्हतं तर आता भांडून उपयोग नाही. पुढचा पडदा वर करायला सांगा, चालत्या बोटीवर वारा पुरतो.

बोट बांधून ठेवली आहे: जेवणासाठी तासभर थांबणं रीतीचं आहे. तास उलटून गेला आणि हालचाल नाही, तर ड्रायव्हरला उठवा. त्यांच्याशी हिंदी जेमतेम चालतं, तेव्हा घड्याळावर बोट ठेवून वेळ दाखवा.

साडेतीनलाच परत फिरले: मेसेजवर लिहून घेतलेली वेळ दाखवा आणि मालकाला फोन लावा, कामगारांवर ओरडू नका. ऐकलं नाही तर पावती, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि उतरल्याची वेळ घेऊन अलेप्पीच्या जिल्हा पर्यटन प्रोत्साहन परिषदेच्या ऑफिसात तक्रार द्या, आणि ती गाव सोडायच्या आधी द्या. पुण्यात परतल्यावर फोनवरून पाठपुरावा करत बसणं कुणालाच जमत नाही.