चित्रपुस्तकाचा चार मिनिटांचा सिनेमा: पान उलटण्याची जागा सांभाळा

मुलांच्या आवडत्या चित्रपुस्तकाचा घरी सिनेमा करायचा म्हटलं की एकच सल्ला जिथे-तिथे मिळतो: पानांचे फोटो काढा, त्यांवर झूम टाका, मागे गाणं लावा. असा सिनेमा मूल एकदा बघतं आणि परत पुस्तक उघडतं. पुस्तकात पुढे काय आहे ते त्याला स्वतःच्या हाताने उघडता येतं, चित्रात काय लपलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी सापडतं. सिनेमा करताना या दोन गोष्टी पहिल्यांदा हातच्या जातात. त्या कशा राखायच्या, हे या लेखात सविस्तर आहे. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत, त्या थोडक्यात.

पद्धत कागदी कटआउटची: कापलेली पात्रं टेबलावर सपाट ठेवायची, वर मोबाइल, जरा सरकवा, फोटो काढा. असे फोटो ओळीने दाखवले की पात्रं हलताना दिसतात.

१. पुस्तक निवडा

शब्द ३०० च्या आत, पात्रं तीन किंवा कमी, जागा दोन-तीनच. गर्दीची जत्रा, पाऊस, पाण्याचा प्रवाह असलेली पुस्तकं पहिल्या खेपेला घेऊ नका.

सिनेमा फक्त घरात बघायचा नसेल तर हक्काचा प्रश्न आधीच सोडवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि शब्दांचा हक्क एकाकडे व चित्रांचा दुसऱ्याकडे असू शकतो. सरळ मार्ग म्हणजे प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. तिथे मराठीतली पुष्कळ चित्रपुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'सीसी बाय ४.०' परवान्यावर आहेत. श्रेय दिलं की त्यांवरून सिनेमा करता येतो, तो जाहीर दाखवताही येतो. परवाना पुस्तकागणिक तपासा.

२. गोष्टीत भर घालू नका

मोठे सिनेमे भर घालतात, कारण त्यांना वेळ भरून काढायचा असतो. १९८१ सालच्या 'जुमांजी' या चित्रपुस्तकात दोन भावंडं, एक खेळ आणि एक दुपार एवढंच आहे. १९९५ च्या सिनेमाला १०४ मिनिटं भरायची होती, म्हणून खेळात २६ वर्षं अडकून पडलेला माणूस आणावा लागला. 'द स्नोमॅन' हे १९७८ चं पुस्तक तर निःशब्द आहे. १९८२ मध्ये त्याचा २६ मिनिटांचा सिनेमा झाला तेव्हा त्यातही सांताक्लॉज आला. पुस्तकात तो नाही. तुम्हाला चार मिनिटंच भरायची आहेत आणि तेवढा ऐवज पुस्तकात आहे. नवं पात्र नको, विनोदी पोपट नको, शेवटी गाणंही नको.

३. पान उलटण्याच्या जागा शोधा

सगळ्यात जास्त सिनेमे इथे बिघडतात. ही पायरी घाईत उरकली तर पुढचे हजार फोटो वाया जातात, म्हणून हिला एक पूर्ण संध्याकाळ द्या. कात्रीला त्याआधी हात लावू नका.

छापील चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं. शीर्षकाची वगैरे पानं सोडली तर गोष्टीला १२ ते १४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात, म्हणजे पान उलटण्याच्या जागाही साधारण तेवढ्याच. चांगल्या पुस्तकात उजव्या पानाच्या शेवटी काहीतरी अडून राहिलेलं असतं आणि उलटल्यावर ते सुटतं.

पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं 'रोझीज वॉक' हा याचा वस्तुपाठ. त्यात सगळं मिळून एकच वाक्य आहे, इंग्रजीत ३२ शब्दांचं. कोंबडी फेरफटका मारून घरी येते, एवढंच ते सांगतं. चित्रात मात्र तिच्या मागे पहिल्यापासून कोल्हा आहे, आणि शब्दांत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. एका जोडपानावर शब्द आणि झेपावणारा कोल्हा, पुढच्या जोडपानावर शब्दच नाहीत, नुसती त्याची फजिती. कोंबडीला पत्ता नसतो, सांगणाऱ्याला पत्ता नसतो, फक्त मुलाला माहीत असतं. निवेदकाने 'मागून कोल्हा येत होता' असं एकदा जरी म्हटलं तरी हे पुस्तक संपलं.

म्हणून वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात शब्द काय सांगतात ते लिहा, दुसऱ्यात चित्र काय सांगतं ते, तिसऱ्यात पान उलटताना मुलाच्या मनात कोणता प्रश्न असतो तो. पहिल्या दोन रकान्यांत एकच गोष्ट आली असेल तर ते शब्द सिनेमातून काढा. चित्रात मुलगी खाटेखाली वाकलेली दिसते आहे, तर 'मुलगी खाटेखाली वाकली' हे म्हणायचं नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती दोन जोडपानं एकाच शॉटमध्ये जोडून टाका. भरलेला असेल तिथे कट, म्हणजे थेट पुढच्या चित्रावर उडी, येणार.

समजा, गोष्ट अशी आहे: मनू आजोबांचा चष्मा शोधते आहे. शब्द म्हणतात, 'मनूने फडताळात पाहिलं. चष्मा नव्हता.' चित्रात फडताळाशेजारी खिडकी आहे, खिडकीबाहेर शेळी, आणि शेळीच्या नाकावर चष्मा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कॅमेरा शेळीवर नेणं. झूम केलात की शोध तुमचा झाला, मुलाचा राहिला नाही. फ्रेम रुंदच ठेवा, फडताळ आणि खिडकी दोन्ही दिसू देत. पहिले दोन सेकंद शेळीला हलवायचं नाही. मग तिचा एक कान दोन फ्रेमपुरता (फ्रेम म्हणजे सिनेमातलं एक स्थिर चित्र) खाली आणि परत वर, एकदाच. दोनदा हलवला तर बोट दाखवल्यासारखं होतं. मुलाची नजर मनूच्या हातावरून त्या कानाकडे जाते, तिथे चष्मा सापडतो आणि ते ओरडतं. तेवढा वेळ त्याला मिळालाच पाहिजे.

आता वेळेचा हिशेब. सिनेमा सेकंदाला १२ फ्रेमचा धरू. निवेदन संपल्यासंपल्या कट केला तर डोळ्याला चित्र बघायला वेळ उरत नाही, कारण शब्द चालू असताना मूल ऐकत असतं आणि शब्द थांबले की बघायला लागतं. म्हणून शब्द संपल्यावर चित्र निदान १८ फ्रेम, म्हणजे दीड सेकंद, तसंच राहू द्या. मोठ्या वळणाआधी ३६ फ्रेम. कट झाल्यावर नव्या चित्रावर पहिला एक सेकंद शब्द नको. निःशब्द जोडपानाला सलग चार ते सहा सेकंद द्या. संकलन करताना हे फार लांबल्यासारखं वाटतं, कारण तुम्ही ते चित्र शंभर वेळा पाहिलेलं असतं. तरी कापू नका.

कट म्हणजे सरळ कट. पान दुमडून उलटल्याचा तयार इफेक्ट आणि त्याचा 'सर्र' आवाज वापरू नका. मूल त्या वेळी गोष्टीतून बाहेर येऊन कागदाकडे बघतं. हळूहळू विरघळणारं चित्रही नको, कारण पुढचं चित्र आधीच झिरपायला लागतं आणि उत्तर फुटतं.

मराठीची एक अडचण वेगळी आहे. इंग्रजी पुस्तकात लपलेली वस्तू बहुधा वाक्याच्या शेवटी येते. त्याचं जसंच्या तसं मराठी केलं की शेवटी क्रियापद येऊन बसतं: 'दाराआड एक शेळी होती.' मुलाला शेळी कळून गेलेली असते आणि 'होती' मागून रेंगाळत येतं. आपल्या बोलण्यात यावर तोडगा आहे, तो वापरा. 'मनूने दार उघडलं, बघते तर काय...' इथे कट. पुढच्या चित्रात शेळी दिसेल, नाव घ्यायची गरजच नाही. घ्यायचंच तर एका सेकंदानंतर नुसतं 'शेळी!' 'बघते तर काय' मात्र चार मिनिटांत एकदाच. दर पानाला आलं की मूल तुमच्या आधी ते म्हणायला लागतं आणि वळणाची धार जाते. इतर ठिकाणी वाक्य 'आणि', 'इतक्यात', 'पण' यांवर सोडा, आवाज वर ठेवून. वाक्य संपल्यासारखा आवाज खाली उतरवला तर गोष्ट तिथेच संपल्यासारखी वाटते.

हे झालं की प्रत्येक जोडपानाचं पेन्सिलने काडीचित्र काढा, त्यांचे फोटो ठरवलेल्या वेळेइतके लावा, निवेदन मोबाइलवर कच्चं बोलून खाली ठेवा आणि गोष्ट न वाचलेल्या मुलाला दाखवा. त्याचं बोट पडद्याकडे कुठे जातं ते बघा. शेळीच्या चित्रावर बोट उठलं नाही तर शेळी फार लहान आहे किंवा वेळ कमी पडला आहे. दुरुस्ती आत्ता दहा मिनिटांत होते, फोटो काढल्यावर दोन दिवस लागतात.

४. आवाज आधी

पक्कं निवेदन फोटोंच्या आधी रेकॉर्ड करा. पंखा बंद, कपड्यांचं उघडं कपाट समोर, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला. मिनिटाला ९०-१०० शब्दांपेक्षा वेगाने वाचू नका. शेवटी खोलीची नुसती शांतता दहा सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. दोन वाक्यांमधली जागा तिने भरायची, नाहीतर मधेच आवाज मेल्यासारखा वाटतो.

५. पात्रं कापा

२२०-२५० जीएसएमची (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडीचं माप, दर चौरस मीटरला ग्रॅम) कार्डशीट, पात्राची उंची १२ ते १५ सेंटिमीटर. पार्श्वभूमी ए-थ्री कागदावर, पण मधल्या ४२० बाय २३६ मिलिमीटरमध्येच, कारण आडव्या पडद्यावर तेवढंच दिसतं. चिकटवायला ग्लू स्टिक वापरा. फेविकॉलच्या ओलाव्याने कागद वाकतो आणि त्याची सावली फोटोत येते. खांदा, कोपर, मांडी एवढे सांधे पुरतात. दोन्ही तुकड्यांतून दोरा ओवून मागेपुढे गाठ मारा. गाठ घट्ट हवी, हात सोडल्यावर जागेवर राहिला पाहिजे. बुबुळं सुटी ठेवा आणि सुईच्या टोकाने सरकवा. नजर कुठे वळली यावर निम्मा अभिनय होतो.

६. मोबाइल आणि दिवे

मोबाइल टेबलाच्या बरोबर वर, खाली बघणारा, हलणार नाही असा बांधलेला. दोन दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कारण ढग सरकला की चित्राचा उजेड बदलतो. स्टॉप मोशन स्टुडिओ किंवा तत्सम अ‍ॅपमध्ये फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही कुलूपबंद करा. एकही ऑटोवर राहिलं तर प्रत्येक फोटोचा रंग किंचित वेगळा येतो आणि सिनेमा लुकलुकतो. तरीही लुकलुकत असेल तर दोष दिव्याचा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. शटर, म्हणजे एका फोटोसाठी उजेड घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवलं की हे जातं. गडद शर्ट घाला, पांढऱ्या शर्टाचा उजेड टेबलावर पडतो.

७. हलवा

चार मिनिटांचे २,८८० फ्रेम होतात, पण सगळे फोटो काढायचे नसतात. थांबलेलं चित्र एकच फोटो लांबवून मिळतं. प्रत्यक्ष हालचाल साधारण १०० सेकंदांची, म्हणजे १,२०० फोटो. चालताना एक पाऊल सहा फ्रेमचं. पापणी दोन फ्रेम मिटलेली. सरकताना सुरुवातीला दोन-दोन मिलिमीटर, मधे पाच-पाच, थांबताना पुन्हा दोन. सारखं अंतर ठेवलं की पात्र गाडीवरून ढकलल्यासारखं जातं. एका वेळी एकच पात्र हलू द्या. बाकीच्यांनाही सारखं डुलवत ठेवलं तर मुलाला कुठे बघावं कळत नाही, आणि शेळीचा तो कान तर दिसतच नाही. फोटो काढण्याआधी आपला हात फ्रेमबाहेर आहे ना, ते दर वेळी पाहा.

८. जोडा

निवेदनाची पट्टी खाली, चित्रं वर. वेळा वहीतल्याच ठेवा. संगीत लावायचं तर कडेच्या जागांत, शब्दांखाली नको, आणि मोठ्या वळणाआधीच्या तीन सेकंदांत तर अजिबात नको. पुढच्या दृश्याचा आवाज कटच्या चार-पाच फ्रेम आधी सुरू केला तर जोड मऊ होतो. पण तो आवाज उत्तर फोडणारा असेल, शेळीचं बेंबें वगैरे, तर कटनंतरच.

श्रेयनामावलीत पुस्तकाचं नाव, लेखक, चित्रकार, अनुवादक, प्रकाशक, परवान्याचं नाव आणि तुम्ही काय बदल केले हे सगळं लिहा. पाटी निदान पाच सेकंद ठेवा, काळ्यावर पांढरी, आणि तिच्याखाली खोलीची ती रेकॉर्ड केलेली शांतता चालू राहू द्या.