अर्धस्वयंचलित स्पोर्टिंग रायफलसाठी काडतुसे कशी निवडावीत

बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, हाताने ओढाव्या लागणाऱ्या रायफलमध्ये काडतुसाचे काम गोळी नळीबाहेर ढकलली की संपते. रिकामे कवच काढणे आणि नवे काडतूस आत सारणे हे नेमबाजाचा हात करतो. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये ही हातची कामेही काडतुसाच्याच अंगावर पडतात. त्याच्या दाबातून बोल्ट मागे गेला पाहिजे, कवच बाहेर फेकले गेले पाहिजे, स्प्रिंग पुरेशी दाबली गेली पाहिजे आणि परत येताना बोल्टने मॅगझीनमधले, म्हणजे रायफलीला जोडलेल्या काडतुसांच्या डब्यातले, पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी ते बसते त्या जागेत, नेले पाहिजे. म्हणून या रायफलसाठी काडतूस निवडताना अचूकतेचा विचार दुसरा येतो. हे काडतूस या विशिष्ट रायफलची यंत्रणा न अडखळता चालवते का, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

त्याही आधी नळीवर कोरलेले अक्षर वाचावे. दुकानदाराचा शब्द, मित्राचा अनुभव किंवा मॅगझीनमध्ये काडतूस नीट बसते ही गोष्ट, यांपैकी काहीही त्या कोरीव खुणेची जागा घेऊ शकत नाही. ‘.२२ लाँग रायफल’ हे १८८७ सालापासूनचे काडतूस आणि १९५९ मध्ये आलेले ‘.२२ मॅग्नम’ यांच्या नावात साम्य आहे, पण मॅग्नमचे कवच जाड आणि लांब असते. लाँग रायफलचे काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैल बसते आणि कवच फाटून गरम वायू मागे येऊ शकतो. ‘.२२ शॉर्ट’ लाँग रायफलच्या चेंबरमध्ये उडते खरे, परंतु लाँग रायफलसाठी बनवलेली अर्धस्वयंचलित यंत्रणा त्याच्या ताकदीवर चालत नाही.

मोठ्या सेंटरफायर रायफलींमध्ये (ज्यांच्या काडतुसाचा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, कवचाच्या तळाच्या मध्यभागी असतो) हीच चूक फार महाग पडते. ‘.२२३ रेमिंग्टन’ आणि ‘५.५६ नाटो’ ही काडतुसे शेजारी ठेवली तर ओळखू येत नाहीत, मात्र ५.५६ च्या चेंबरमध्ये नळीच्या खाचा सुरू होण्याआधीची मोकळी जागा अधिक असते आणि त्या जागेचा हिशेब धरूनच ते काडतूस भरलेले असते. फक्त ‘.२२३’ असे कोरलेल्या रायफलमध्ये ५.५६ वापरल्यास दाब अपेक्षेपेक्षा वाढू शकतो. उलट दिशेने, म्हणजे ५.५६ च्या रायफलमध्ये .२२३ वापरण्यात, धोका नाही. आणि ‘वाइल्ड’ प्रकारचे चेंबर दोन्हींसाठीच आखलेले असते. याहून घातक जोडी म्हणजे .२२३ आणि ‘३०० ब्लॅकआउट’. दोन्हींना एकच मॅगझीन चालते आणि ब्लॅकआउटचे काही काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये बोल्ट बंद होण्याइतके आत जाते, मग ७.८ मिलिमीटरची गोळी ५.७ मिलिमीटरच्या नळीत शिरू पाहते आणि रायफल फुटते. ज्यांच्याकडे दोन्ही रायफली आहेत त्यांनी एका वेळी टेबलावर एकाच प्रकारची काडतुसे ठेवावीत. सावध राहीन, असे स्वतःला सांगणे इथे पुरत नाही.

आता .२२ लाँग रायफलकडे येऊ, कारण बहुतेकांची पहिली अर्धस्वयंचलित स्पोर्टिंग रायफल हीच असते. या रायफलींमध्ये बोल्ट सहसा कुलूपबंद होत नाही; कवचाचा मागचा धक्का रोखायला फक्त बोल्टचे वजन आणि स्प्रिंग असते. त्यामुळे काडतुसाचा वेग हा इथे केवळ गोळीच्या उड्डाणाचा प्रश्न राहत नाही. नेहमीच्या ४० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमच्या गोळीला ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ काडतूस सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेग देते, ‘हाय व्हेलॉसिटी’ साधारण ३६५ ते ३८५ मीटर. आणि ‘हायपर व्हेलॉसिटी’मध्ये हलक्या गोळीला ४२५ मीटरच्या पुढचा वेग मिळतो. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला ३४३ मीटर असतो, हा आकडा पहिल्या दोघांच्या मधे पडतो आणि बरीच गुंतागुंत त्यातूनच निघते.

हाय व्हेलॉसिटीची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येते. त्या टप्प्यात तिचे संतुलन ढळते, म्हणून ५० मीटरवर बरा दिसणारा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, १०० मीटरवर अनपेक्षित पसरतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी सुरुवातीपासून त्या सीमेखाली राहते आणि लक्ष्यवेधासाठी बनलेली बहुतेक उत्तम काडतुसे याच वर्गातली असतात. पण मोकळ्या मैदानातल्या वापरासाठी बनवलेल्या अनेक रायफलींची स्प्रिंग आणि बोल्ट हाय व्हेलॉसिटी गृहीत धरून जुळवलेले असतात. अशा रायफलमध्ये मंद काडतूस वापरले की बोल्ट अर्ध्यातूनच परततो: रिकामे कवच ते बाहेर पडण्याच्या खिडकीत उभे अडकते, किंवा कवच बाहेर पडते पण पुढचे काडतूस उचललेच जात नाही. ही दोन्ही लक्षणे ताकद कमी पडल्याची आहेत. त्यावर लगेच स्प्रिंग बदलायला धावू नये. आधी रायफल स्वच्छ करावी, कारण मळलेले चेंबर बोल्टची ताकद निम्म्या वाटेतच खाऊन टाकते. माझे मत असे, की माहितीपुस्तिकेत निर्मात्याने जो वेगवर्ग सांगितला असेल तिथून सुरुवात करावी आणि यंत्रणा मान्य करील तेवढेच खाली यावे. हायपर व्हेलॉसिटीचा मोह मात्र सहसा टाळावा. ते काडतूस बोल्टला मागच्या बाजूस अनावश्यक जोराने आपटते, आणि त्यातल्या काही काडतुसांचे कवच नेहमीपेक्षा लांब असल्यामुळे आखूड, घट्ट ‘मॅच’, म्हणजे स्पर्धेसाठीच्या, चेंबरमध्ये ती वापरू नयेत.

गोळीचे टोक आणि लेपही पाहावा. गोल टोकाची गोळी मॅगझीनमधून चेंबरच्या तोंडाशी सहज सरकते. सपाट किंवा रुंद पोकळ टोकाची काही रायफलींत कडेला अडते. मेणाचा लेप असलेले शिसे नळीत उत्तम वागते, पण शेकडो फैरींनंतर मेण आणि काजळी चेंबरच्या कडेला साचते. तांब्याचा पातळ मुलामा असलेली गोळी त्या बाबतीत स्वच्छ ठरते.

सेंटरफायर रायफलमध्ये गोळीच्या वजनाची निवड नळीच्या पिळावर, म्हणजे आतल्या खाचा किती इंचांत एक फेरा घेतात त्यावर, अवलंबून असते. गोळी जितकी लांब, तितका तिला स्थिर ठेवायला वेगवान पीळ लागतो. .२२३ मध्ये १२ इंचात एक फेरा घेणारी नळी ५५ ग्रेनपर्यंत समाधानी असते, ९ इंचांची साधारण ६९ ग्रेनपर्यंत जाते, आणि ७७ ग्रेनसाठी ८ किंवा ७ इंचांचा पीळ हवा. नळीवर आकडा नसेल तर रायफल रिकामी असल्याची खात्री करून, मोकळेपणे फिरणाऱ्या मुठीच्या सफाईकांबीला घट्ट चिंधी लावून ती आत ढकलावी, कांबीवर खूण करावी, आणि ती खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत कांबी किती इंच सरकली ते मोजावे. लक्ष्याच्या कागदावर छिद्रे आडवी, लांबट दिसली तर गोळी डोलते आहे असे समजावे. शिवाय फार लांब गोळीची स्पर्धेची काही काडतुसे मॅगझीनमध्ये मावतच नाहीत. ती एकेक भरून वापरायची असतात.

जुन्या लष्करी घडणीच्या रायफलींना आणखी एक पथ्य आहे. ‘एम१ गरँड’ची वायुयंत्रणा सुमारे १५० ग्रेनच्या गोळीच्या काडतुसाभोवती आखलेली आहे, जड गोळी आणि मंद जळणाऱ्या दारूचे आधुनिक शिकारी काडतूस नळीतून वायू घेणाऱ्या छिद्रापाशी जास्त दाब पोचवते आणि बोल्ट चालवणारा दांडा वाकतो. अशा रायफलींची प्रायमरवर आदळणारी पिन बोल्टमध्ये मोकळी असते, त्यामुळे बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकासा खळगा पाडते. तो खळगा स्वाभाविक आहे. परंतु मऊ प्रायमर असेल तर ट्रिगर न दाबता काडतूस उडू शकते, म्हणून कठीण प्रायमरचे काडतूस घ्यावे. आणि तेच ते काडतूस वारंवार चेंबरमध्ये भरून बाहेर काढू नये, कारण प्रत्येक वेळी गोळी कवचात किंचित आत दबते व दाब वाढतो. अनोळखी व्यक्तीने घरी भरलेली काडतुसे कितीही स्वस्त मिळाली तरी नकोत.

निवड शेवटी चाचणीतूनच होते. चार-पाच प्रकारांची एकेक पेटी आणावी, प्रत्येक प्रकार आपल्याकडच्या सर्व मॅगझीनमधून पूर्ण भरून चालवून पाहावा आणि अडथळा कोणत्या मॅगझीनमध्ये आला ते नोंदवावे. दोष पुष्कळदा मॅगझीनच्या ओठांत, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांत, सापडतो. प्रकार बदलल्यावर पहिल्या १५-२० फैरी ग्रुपमध्ये धरू नयेत, कारण .२२ ची नळी नव्या मेणाशी जुळवून घेत असते. त्यानंतर टेकूवरून ५० मीटरवर पाच-पाच फैरींचे किमान चार ग्रुप घ्यावेत. एका सुंदर ग्रुपवर विश्वास ठेवू नये, तो सगळ्यांनाच कधीतरी मिळतो. बोल्ट हाताने ओढून चेंबरमध्ये घेतलेली पहिली फैर इतरांपासून दूर पडते का, हेही पाहावे. अर्धस्वयंचलित रायफलींमध्ये ही सवय नवी नाही.

चाचणीत एखादा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर तिथेच थांबावे, रायफल रिकामी करावी आणि नळीत गोळी अडकलेली नाही याची खात्री होईपर्यंत पुढची फैर झाडू नये. पुढचे काडतूस आपोआप आत येणाऱ्या रायफलमध्ये हे भान अधिक लागते. ट्रिगर दाबूनही काडतूस उडाले नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद वाट पाहावी आणि मगच बोल्ट उघडावा.

पसंत पडलेल्या काडतुसाच्या पेटीवरचा लॉट (एकाच वेळी बनलेला गट) क्रमांक लिहून ठेवावा आणि शक्य असल्यास त्याच लॉटचा साठा एकदम घ्यावा, कारण नाव तेच असले तरी पुढचा लॉट आपल्या नळीत वेगळा वागू शकतो. साठा थंड, कोरड्या जागी मूळ पेटीतच असावा आणि सफाईच्या तेलापासून दूर राहावा. जुन्या लॉटची शेवटची एक पेटी न वापरता बाजूला ठेवावी. नवा लॉट आला की त्याच दिवशी, त्याच टेकूवरून दोन्ही शेजारी शेजारी झाडून पाहता येतात.