मुंबईच्या दमट हवेत गोल्फ क्लब गंजापासून कसे जपावेत

एखाद्या दिवशी पावसात भिजल्याने गोल्फचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, गंजत नाहीत, ते ओलसर राहिल्याने गंजतात आणि मुंबईत त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. धातूवर बसलेले मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ओलावा ओढून घेऊन पाघळू लागते, आणि पावसाळ्यात इथली हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. म्हणून कुलाब्याच्या यूएस क्लब या संस्थेच्या मैदानासारख्या समुद्रालगतच्या मैदानावर खेळणाऱ्याने कोरड्या दिवशीही क्लब धुऊनच ठेवावेत.

आधी आपले क्लब कोणत्या धातूचे आहेत आणि त्यांवर कोणता मुलामा आहे ते पाहावे. ओतीव आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचे क्लब) बहुधा स्टेनलेस स्टीलचे असतात. ते सहसा गंजत नाहीत, तरी मिठामुळे त्यांवरही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू शकतात. घडीव आयर्न बहुतेक मऊ कार्बन स्टीलचे असून त्यांवर निकेल आणि क्रोमचा मुलामा असतो. खड्यावर आपटून त्याचा टवका उडाला, की गंज तिथून शिरतो आणि मुलाम्याखाली पसरत जातो. काळ्या ऑक्साइडचा थर दिसायला देखणा, पण अतिशय पातळ असतो. त्याचे संरक्षण मुख्यतः त्यावर चोळलेल्या तेलातून होते. मुलामा नसलेले रॉ वेज (चेंडू उंच उडवायचे, तिरप्या डोक्याचे क्लब) तर गंजण्यासाठीच घडवलेले असतात, आणि तो गंज कित्येक खेळाडूंना आवडतो. टायटॅनियमच्या ड्रायव्हरची (लांब फटक्याच्या क्लबची) मात्र काळजी नको.

धुण्यासाठी कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश पुरतो. तारेचा ब्रश मुलाम्याला ओरखडे पाडतो. क्लबच्या चेहऱ्यावरील, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवरील, खाचांतील माती काढताना पाणी डोके आणि शाफ्ट (दांडा) यांच्या सांध्यापर्यंत चढू देऊ नये आणि कढत पाणी तर मुळीच वापरू नये, कारण तिथला गोंद उष्णतेने सैल होतो. साबण गोड्या पाण्याने पुरता काढावा, कारण मिठावर किंवा साबणावर चढवलेले तेल ते आतच कोंडून ठेवते.

खरी कसोटी वाळवण्याची असते. सुती फडक्याने पुसल्यावर क्लब खोलीत पंख्याखाली तासभर तरी ठेवावेत आणि मगच बॅगेत घालावेत. बॅगेचा तळ, ओला टॉवेल आणि भिजलेली हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावरची आवरणे) यांच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, पण क्लब कोरडे असले तरी हीच मंडळी रात्रभर त्यांना दमट ठेवतात. बॅग उलटी करून सुकवावी आणि हेडकव्हर वेगळी वाळवावीत.

यानंतर शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब फडक्यावर घेऊन काळ्या ऑक्साइडच्या किंवा मुलामा नसलेल्या डोक्यावर, तसेच टवका उडालेल्या जागी, हात फिरवल्यावर जेमतेम जाणवेल इतका थर द्यावा. महागडी खास पॉलिश घेण्याची गरज मला वाटत नाही. ग्रिपला, म्हणजे हातात धरायच्या मुठीला, तेल लागू देऊ नये, आणि खेळण्यापूर्वी क्लबचा चेहरा पुसून घ्यावा, नाहीतर चेंडू घसरतो.

ठेवण्याची जागा निवडताना मुंबईच्या लहान घरात अनेकदा बॅग न्हाणीघराशेजारी उभी राहते, आणि तिथल्या साफसफाईच्या ॲसिडची वाफ स्टीलला पावसापेक्षाही लवकर खाते. गाडीची डिकी तापते आणि कोंदटही असते, म्हणून तीही नको. कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. रंग बदलणारे दाणे असतील तर ते केव्हा तापवून पुन्हा वापरायचे हे लगेच कळते.

गंज आधीच आला असेल, तर मुलामा नसलेल्या धातूवर तेलात भिजवलेले सर्वांत बारीक, ०००० क्रमांकाचे स्टील वूल हलक्या हाताने फिरवावे. व्हिनेगरमुळे गंज निघतो, पण काळा ऑक्साइडही निघून जातो. सोलवटलेल्या क्रोमला घरी उपाय नाही. नव्याने मुलामा चढवण्यापूर्वी कारागीर डोके घासतो आणि त्यात खाचाही झिजतात, म्हणून हे काम गोल्फ क्लब हाताळणाऱ्यालाच सांगावे.